बाजारापुरती स्पॅनिश, थेट मराठीतून

माद्रिदला शिकायला निघालेली नाशिकच्या गंगापूर रोडची मुलगी, मेक्सिकोच्या ग्राहकाशी रोज फोनवर बोलणारा अंबडच्या कारखान्यातला इंजिनिअर, चिली-पेरूतले द्राक्षमळे बघायला जाणारा दिंडोरीचा बागायतदार. तिघांच्या गरजा पुढे वेगळ्या होतात, पण पहिल्या आठवड्यात तिघांनाही सारखीच स्पॅनिश लागते. हे कितीला, अर्धा किलो द्या, ते कुठे आहे, किती झाले. एवढ्यापुरती भाषा रोज अर्धा तास दिला तर चार आठवड्यांत जिभेवर बसते.

आमचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: स्पॅनिश इंग्रजीतून शिकू नका. बहुतेक ॲप आणि पुस्तकं इंग्रजीतून शिकवतात, म्हणून आपणही मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवतो आणि मग त्याचं स्पॅनिश करायला जातो. गाडं तिथेच अडतं. इंग्रजी बोलणाऱ्याला स्पॅनिशमधलं जे अवघड वाटतं, त्यातलं बरंचसं मराठीत आधीपासून आहे. मऊ त आणि द, हा-ही-हे, तू आणि तुम्ही, 'मला आवडतं' या वाक्याची ठेवण, हे सगळं आपल्याला आयतं मिळालेलं आहे. ते वापरायचं.

आधी जीभ

स्पॅनिश शब्द इथे देवनागरीत दिले आहेत. ते वाचताना प्रत्येक अक्षर पूर्ण म्हणायचं. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच: आ, ए, ई, ओ, ऊ. आपला 'अ' नाही, 'ॲ' नाही, 'ऑ' नाही. त्यामुळे कामीसा म्हणजे सदरा, त्याचं कमिसा किंवा कॅमिसा करायचं नाही. आ-ई-ऊ दीर्घ दिसले तरी लांबवायचे नाहीत, आखूड आणि स्वच्छ म्हणायचे.

शब्दात जोर बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो. जिथे तो इतरत्र आहे तिथे आम्ही ऽ हे चिन्ह घातलं आहे. मराठीत जोराचं एवढं काही नसतं, म्हणून आपण सगळी अक्षरं एका पातळीत म्हणतो आणि घोटाळा होतो. एस्ता म्हणजे 'ही', एस्ताऽ म्हणजे 'आहे'. पापा म्हणजे बटाटा, पापाऽ म्हणजे बाबा. बाजारात दोन किलो बाबा मागायचे नसतील तर जोर सांभाळा.

आता आपल्या खास चुका. पहिली, आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारी: परकी भाषा म्हटली की जीभ आपोआप ट आणि ड वर जाते, कारण इंग्रजी शब्द आपण तसेच बोलतो. स्पॅनिशमध्ये ट-ड नाहीतच. टोमॅटो नाही, तोमाते. दुकान म्हणजे त्येन्दा, टिएंडा नव्हे. ताट आणि दार यांतले त-द घ्या, काम होतं.

दुसरी चूक फ ची. 'फळ' मधला फ हवा सोडतो, तो नको. 'ऑफिस' मधला फ हवा. तिसरी च ची. मराठीत दोन च आहेत, 'चार' मधला आणि 'चाक' मधला. स्पॅनिशचा च नेहमी 'चार' मधला. दूध म्हणजे लेचे, हा शब्द 'चाक'च्या च ने म्हटलात तर समोरच्याला तो वेगळाच ऐकू येतो.

पाटी वाचताना लागणारे नियम थोडेच आहेत. एच हे अक्षर मुकं, म्हणून हॉटेलचं होतं ओतेऽल. जे चा उच्चार ह, आणि जी च्या पुढे ई किंवा आय आला तरी ह. कॅरिबियन देशांत आणि कोलंबियात हा ह आपल्यासारखा साधा, तर स्पेनच्या मध्य आणि उत्तर भागात घसा खरवडून काढलेला. व्ही आणि बी दोघांचा उच्चार ब, दोन स्वरांमध्ये आला की ओठ पुरते न मिटता सैल. डबल एल बऱ्याच ठिकाणी य, अर्जेंटिनात मात्र 'श'च्या जवळ जातो. एनवर लाट काढलेली असेल तर न्य. झेड, आणि ई-आय च्या आधीचा सी, हे लॅटिन अमेरिकेत स. स्पेनच्या बहुतेक भागांत जीभ दातांत धरून काढलेला थ. या लेखात सगळीकडे स दिला आहे, तो स्पेनमध्येही बिनअडचण समजतो.

र मात्र दोन आहेत. एकदा जीभ लागते तो आपला साधा र: कारो म्हणजे महाग. जीभ थरथरते तो र्र: कार्रो म्हणजे गाडी. पेरो म्हणजे पण, पेर्रो म्हणजे कुत्रा. शब्दाच्या सुरुवातीचा र नेहमी थरथरता. लहान मुलं मोटारसायकलचा आवाज काढतात तो र्र्र रोज पाच मिनिटं काढा, आठवडाभरात येतो.

दुकानात शिरल्याशिरल्या

आपल्या बाजारात 'कसे दिले?' इथूनच बोलणं सुरू होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. स्पॅनिश मुलखात आधी नमस्कार. दुपारच्या जेवणापर्यंत ब्वेनोस दीआस, नंतर ब्वेनास तार्देस, अंधार पडल्यावर ब्वेनास नोचेस. नुसतं ओला म्हटलं तरी चालतं, पण काहीच न बोलता थेट भाव विचारला तर दुकानदार मनातून नाराज होतो आणि पुढचं सगळं तुटक होऊन बसतं. निघताना ग्रास्यास.

दुसरी गोष्ट हाक मारण्याची. भाजीवालीला आपण मावशी म्हणतो, फळवाल्याला काका किंवा भाऊ. या शब्दांचं स्पॅनिश करू नका. तीआ म्हणजे मावशी-आत्या खरी, पण स्पेनमध्ये तरुण पोरं एकमेकींना 'अगं ए' म्हणावं तसा तो शब्द वापरतात. अनोळखी बाईला सेन्योरा, बाप्याला सेन्योऽर. मेक्सिकोच्या बाजारात विक्रेती आणि गिऱ्हाईक एकमेकांना मार्चान्ता-मार्चान्ते म्हणतात, पेरूत कासेरा-कासेरो. आपल्या मावशीची जागा तिथे या शब्दांनी भरून निघते. ते ओठांवर आले की नेहमीच्या गिऱ्हाइकात गणती होते.

तू आणि तुम्ही हा भेद जसाच्या तसा आहे: तू म्हणजे तूच, आणि तुम्ही म्हणजे उस्तेऽद. स्पेनमध्ये दुकानदार लवकर 'तू'वर येतात, तरी नवख्यानं उस्तेऽद धरून राहावं. इथली सगळी वाक्यं 'तुम्ही'ची आहेत.

हे कितीला?

बाजारातली सगळ्यात उपयोगी ओळ:

क्वांतो क्वेस्ता एस्तो? (हे कितीला?)

यातला एस्तो म्हणजे आपला 'हे'. वस्तूचं नाव माहीत नसलं की मराठीत आपण लिंग न पाहता 'हे काय?' म्हणतो. स्पॅनिशमध्येही अगदी तसंच. नाव माहीत झालं की हा-ही सुरू: एस्ते तोमाते (हा टोमॅटो), एस्ता सेबोया (ही कांदा, कारण स्पॅनिशमध्ये कांदा बाईमाणूस आहे). अनेकवचनात एस्तोस आणि एस्तास. तुमच्याजवळचं 'ते' दाखवायला एसो, पार पलीकडचं दाखवायला आकेयो. बोट दाखवून एस्तो आणि एसो म्हणता आलं की निम्मा बाजार होतो.

भाव विचारायच्या तीन जागा आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत. एखाद्या वस्तूची किंमत: क्वांतो क्वेस्ता? रोज चढ-उतार होणाऱ्या मालाचा भाव: आ क्वांतो एस्ताऽन लास ऊबास? (द्राक्षं काय भावानं?) सगळं घेऊन झाल्यावर: क्वांतो एस? (किती झाले?) मधलं वाक्य पुस्तकांत उशिरा येतं, पण भाजीबाजारात तेच सर्वांत जास्त ऐकू येतं.

वस्तू मागताना 'मला पाहिजे'चं शब्दशः क्येरो होतं. चुकीचं नाही, पण जरा हुकूम सोडल्यासारखं लागतं. त्यापेक्षा प्रश्न करा: मे दा उन कीलो दे सेबोयास, पोर फाबोऽर? (एक किलो कांदे देता का?) स्पेनमध्ये मे दा च्या जागी मे पोने ऐकू येईल. दुकानदार विचारेल, आल्गो मास? (अजून काही?) संपलं असेल तर नादा मास, ग्रास्यास.

स्पेनच्या मंडईत माल स्वतः हातानं चाचपून निवडायचा नसतो, विक्रेता देतो. सुपरमार्केटमध्ये फळं निवडायला प्लॅस्टिकचे हातमोजे ठेवलेले असतात. गाड्यापाशी रांग दिसत नसली तरी ती असते. आल्या आल्या विचारायचं, क्येन एस एल ऊऽल्तिमो? (शेवटचं कोण?) हात वर करील त्याच्यानंतर तुमचा नंबर. हे न विचारता पुढे सरकलात तर चारजण एकदम बोलतील आणि त्यातलं काही कळणार नाही.

घासाघीस सुपरमार्केटात आणि किमतीची चिठ्ठी लावलेल्या दुकानात करू नये. माद्रिदचा रविवारचा एल रास्त्रो बाजार किंवा लॅटिन अमेरिकेतले हस्तकलेचे बाजार इथे चालते. मे आसे उन देस्क्वेन्तो? (काही कमी करता का?) किंवा त्येने आल्गो मास बारातो? (याहून स्वस्तातलं आहे?)

आकडे: इथे वेळ द्या

प्रश्न सगळ्यांना पाठ होतो, उत्तर कळत नाही. भाव विचारला की समोरून आकडा येतो, तोही भरधाव. म्हणून शिकण्याच्या वेळेतला तिसरा हिस्सा आकड्यांना द्यावा, असं आमचं ठाम मत आहे.

एक ते दहा: ऊनो, दोस, त्रेस, क्वात्रो, सिंको, सेइस, स्येते, ओचो, न्वेबे, द्येस. अकरा ते पंधरा: ओन्से, दोसे, त्रेसे, कातोर्से, किन्से. सोळापासून जोड: द्येसिसेऽइस म्हणजे दहा-आणि-सहा. वीस बेइन्ते, एकवीस बेइन्तिऊनो. तीस त्रेइन्ता, चाळीस क्वारेन्ता, पन्नास सिंक्वेन्ता, साठ सेसेन्ता, सत्तर सेतेन्ता, ऐंशी ओचेन्ता, नव्वद नोबेन्ता, शंभर स्येन.

मराठीत नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याला स्वतंत्र नाव आहे. ते पाठ केलेल्याला तिसाच्या पुढचे स्पॅनिश आकडे फारच सोपे: दशक, मग ई (आणि), मग एकक. सापळा क्रमाचा आहे. शेहेचाळीसमध्ये आपण सहा आधी म्हणतो आणि चाळीस मागून. स्पॅनिशमध्ये चाळीस आधी: क्वारेन्ता ई सेइस. घाईत आपला मेंदू उलटा करतो आणि ४६ चे ६४ होतात. दुसरा सापळा साठ-सत्तरचा: सेसेन्ता, सेतेन्ता. फरक एका स आणि त चा. शंका आली तर बोटं दाखवून विचारा, सेइस ओ स्येते?

शंभराच्या पुढे दोस्येन्तोस (२००), त्रेस्येन्तोस (३००) असं सरळ चालतं. तीन वाकडे आहेत: किन्येन्तोस (५००), सेतेस्येन्तोस (७००), नोबेस्येन्तोस (९००). हजार म्हणजे मिल, त्याच्या आधी 'एक' लावत नाहीत. लाख-कोटीला शब्द नाही. एक लाख म्हणजे स्येन मिल, दहा लाख उन मियोऽन, एक कोटी द्येस मियोनेस, शंभर कोटी मिल मियोनेस. व्यापाराचं बोलणं असेल तर एक धोका लक्षात ठेवा: स्पॅनिश बियोऽन म्हणजे इंग्रजीतला बिलियन नव्हे. इंग्रजीतला शंभर कोटी, स्पॅनिशमधला एक लाख कोटी.

लिहिलेल्या किमतीतही फरक आहे. स्पेनमध्ये सुट्या पैशांआधी स्वल्पविराम असतो: २,५० म्हणजे अडीच युरो, बोलताना दोस सिंक्वेन्ता. हजारासाठी टिंब. मेक्सिकोत आपल्यासारखं टिंब आणि स्वल्पविराम. कोलंबिया आणि चिलीत साध्या भाजीचा भावही हजारांत असतो, तो ऐकून दचकू नका.

पाव, पाऊण, सव्वा, दीड

उन क्वार्तो दे कीलो: पाव किलो
मेद्यो कीलो: अर्धा किलो
त्रेस क्वार्तोस दे कीलो: पाऊण किलो
उन कीलो ई क्वार्तो: सव्वा किलो
उन कीलो ई मेद्यो: दीड किलो
दोस कीलोस ई मेद्यो: अडीच किलो

मेद्यो कीलोच्या आधी उन लावू नका, ही नवख्यांची हमखास चूक. डझन स्त्रीलिंगी, म्हणून अर्धा डझन मेद्या दोसेना. स्पेनमध्ये एक गमतीदार माप ऐकू येतं: क्वार्तो ई मिताऽद. शब्दशः 'पाव आणि निम्मा', म्हणजे पाव अधिक पावाचा निम्मा, ३७५ ग्रॅम. सव्वा-पाऊणवर वाढलेल्या माणसाला हे चटकन उमगतं. कोलंबियात लीब्रा म्हटलं की व्यवहारात अर्धा किलो समजा.

कोथिंबिरीची जुडी म्हणजे उन मानोहो दे सिलान्त्रो. द्राक्षाचा घड उन रासीमो दे ऊबास, बिनबियांची हवी तर सिन सेमीयास. खाण्याच्या द्राक्षाला ऊबा दे मेसा म्हणतात, शब्दशः टेबलावरचं द्राक्ष. लाल वाईनला मात्र 'लाल' म्हणत नाहीत, बीनो तिन्तो म्हणतात. नाशिककरांनी हे दोन शब्द विसरू नयेत. ३१ डिसेंबरला स्पेनमध्ये असाल तर द्राक्षं सकाळीच घेऊन ठेवा. मध्यरात्रीच्या बारा ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं खायची तिथली रीत आहे आणि त्या दिवशी सगळेच ती घ्यायला निघतात.

भाज्यांची नावं देशागणिक बदलतात, म्हणून जिथे जाणार तिथलीच पाठ करा. बटाटा स्पेनमध्ये पाताता, लॅटिन अमेरिकेत पापा. लाल टोमॅटोला मेक्सिको शहराच्या बाजूला हितोमाते म्हणतात. अव्होकाडो मेक्सिकोत आग्वाकाते, पेरू-चिली-अर्जेंटिनात पाल्ता. मटार स्पेनमध्ये गिसान्ते, मेक्सिकोत चीऽचारो, दक्षिणेकडे आर्बेहा. फळांचा रस स्पेनमध्ये सूमो, पलीकडे हूगो. कुठेही अडलं तर बोट दाखवून कोमो से यामा एस्तो? (याला काय म्हणतात?) विचारा. हे वाक्य दहा शब्द पाठ करण्यापेक्षा मोलाचं आहे.

काही शब्द लक्षात ठेवायला मराठीच धावून येते. साखर आणि आसूकार एकाच संस्कृत मुळाचे, नारिंग आणि नारान्हा (संत्रं) तसेच. लिंबू लिमोऽन. पोर्तुगीजांकडून आलेल्या शब्दांची भावंडंही स्पॅनिशमध्ये भेटतात: चावी याबे, साबण हाबोऽन, आणि पगार तर पागाऽर, म्हणजे पैसे देणं. पण फसवे शब्दही आहेत. पान म्हणजे विडा नव्हे, ब्रेड. पेरा म्हणजे पेरू नव्हे, नाशपती. पेरूला ग्वायाबा म्हणतात, आणि पेरूऽ हा देश.

कुठे आहे?

मराठीतलं एक 'आहे' स्पॅनिशमध्ये तीन ठिकाणी फुटतं, आणि मराठी माणूस सगळ्यात जास्त इथेच चुकतो. 'हा कांदा आहे': एस. 'बँक तिथे आहे': एस्ताऽ. 'इथे बँक आहे का?': आय.

जागा सांगताना पहिला शब्द सोडा. उरलेल्या दोघांतला कुठला, हे ओळखायची युक्ती मराठीतच आहे. वाक्यात 'एखादं' घालून बघा. बसत असेल तर आय, नसेल तर एस्ताऽ. 'इथे जवळपास (एखादं) मेडिकल आहे का?' बसतं, म्हणून आय उना फार्मास्या पोर आकीऽ? पण 'एखादं काळाराम मंदिर कुठे आहे?' कुणी म्हणणार नाही, ते एकच आहे, म्हणून दोन्दे एस्ताऽ एल तेम्प्लो? आय च्या नंतर एल-ला (ठरावीक वस्तूच्या नावाआधी लागणारे शब्द, एल पुल्लिंगी आणि ला स्त्रीलिंगी) कधी येत नाही, उन-उना (एक, एखादा-एखादी) किंवा आकडा येतो. अनेक वस्तू असल्या तरी आय तसाच राहतो, एस्ताऽ चं मात्र एस्ताऽन होतं. लग्न, कार्यक्रम, सभा कुठे आहे असं विचारताना तेवढं एस: दोन्दे एस ला बोदा?

फळं घेताना एस (अनेकवचनात सोन) आणि एस्ताऽ यांतला भेद खिशाला लागतो. लास ऊबास सोन बेर्देस म्हणजे द्राक्षं हिरव्या जातीची. लास ऊबास एस्ताऽन बेर्देस म्हणजे कच्ची आहेत. पिकलीत का विचारायचं तर एस्ताऽन मादूरास?

आता जागेचे शब्द. मराठीत ते नावाच्या मागे येतात, स्पॅनिशमध्ये पुढे. म्हणून वाक्य उलटं धरायचं. मदतीला आपला 'च्या' आहे: जिथे 'च्या' तिथे दे.

बँकेच्या शेजारी: आल लादो देल बान्को
बँकेच्या समोर: एन्फ्रेन्ते देल बान्को
बँकेच्या मागे: देत्राऽस देल बान्को
बँकेच्या जवळ: सेर्का देल बान्को
टेबलाच्या खाली: देबाहो दे ला मेसा
पेटीच्या आत: देन्त्रो दे ला काहा

दे आणि एल एकत्र आले की देल होतं, ते वेगळे म्हणायचे नाहीत. 'पासून लांब' ला मराठीत 'च्या' नाही, तरी स्पॅनिशमध्ये दे आहेच: लेहोस दे. दोघांच्या मध्ये असेल तर एन्त्रे, दे लागत नाही. 'त' आणि 'वर' दोन्हींसाठी बहुधा एकच एन पुरतो: एन ला बोल्सा (पिशवीत), एन ला मेसा (टेबलावर). बान्को म्हणजे बसायचं बाकडंही, तेव्हा कुणी बान्कोवर बसा म्हटलं तर घाबरू नका. काहा म्हणजे खोकं, आणि दुकानात पैसे घेण्याचा काउंटरही.

आकीऽ (इथे), आईऽ (तिथे, तुमच्याजवळ), आयीऽ (तिकडे). हे तीन आणि वरचा आय, चारही मराठी कानाला सारखेच लागतात. चौघांना ओळीनं वीस वेळा म्हणा, दुसरा उपाय नाही.

रस्ता विचारल्यावर येणारं उत्तर साधारण असं असतं: सीगा देरेचो दोस क्वाद्रास ई दोब्ले आ ला इस्क्येर्दा. एस्ताऽ एन ला एस्कीना. (सरळ दोन चौक जा आणि डावीकडे वळा. कोपऱ्यावर आहे.) यात जीवघेणा सापळा आहे. देरेचो म्हणजे सरळ, आ ला देरेचा म्हणजे उजवीकडे. शेवटचा ओ की आ, एवढाच फरक. सरळ जायचं तिथे माणसं उजवीकडे वळतात ती यामुळेच. ऐकू येताना 'आ ला' आलं का ते पकडा: आ ला असेल तर वळायचं. स्पेनमध्ये सरळला तोदो रेक्तो म्हणतात, तिथे हा त्रास नाही. तिथे वळा म्हणायला हीरे ऐकू येईल. क्रूसे म्हणजे ओलांडा, सेमाऽफोरो म्हणजे सिग्नल, प्वेन्ते म्हणजे पूल.

बस पकडायला तोमाऽर हे क्रियापद वापरा. स्पेनमध्ये चालणारं कोहेऽर मेक्सिको आणि अर्जेंटिनात अश्लील आहे.

दुकानांची नावं ओळखायला शेवटचा एरीआ पुरतो: फ्रुतेरीआ फळांचं, पानादेरीआ पावाचं, सापातेरीआ चपलांचं. लिब्रेरीआ म्हणजे पुस्तकांचं दुकान, ग्रंथालय नव्हे. आब्येर्तो उघडं, सेर्रादो बंद. स्पेनमध्ये लहान दुकानं दुपारी दोनच्या सुमाराला बंद होऊन पाचला उघडतात आणि रविवारी बरीच बंदच असतात.

कपडे आणि पैसे

'मला हा सदरा आवडतो' याची इंग्रजी जुळणी स्पॅनिशला लावली की वाक्य मोडतं. मराठी जुळणी लावली की तंतोतंत बसतं: मे गूस्ता एस्ता कामीसा. मला, आवडतो, हा सदरा. वस्तू अनेक झाल्या की आपण 'आवडतात' म्हणतो, स्पॅनिशमध्ये गूस्तान: मे गूस्तान एस्तोस सापातोस. 'मला मोठा होतो' तसंच मे केदा ग्रान्दे, 'नीट बसतो' मे केदा ब्येन. शोधतोय म्हणायला बूस्को, पुढे थेट वस्तू: बूस्को उना कामीसा. कपड्याचा साइज ताया, चपलेचा नूऽमेरो. नुसतं बघत असाल तर सोलो एस्तोऽय मिरान्दो.

पैसे देताना दोन्दे पागो? रोख एन एफेक्तीबो, कार्ड तार्हेता. आठवडी बाजारात रोख आणि लहान नोटा ठेवा. सुट्टे परत मिळतात ते काम्ब्यो किंवा, अर्जेंटिनाकडे, ब्वेल्तो. दक्षिण अमेरिकेत पैशाला प्लाता म्हणतात, मूळ अर्थ चांदी.

शाकाहारी माणसांनी सोय बेहेतार्यानो (बाईनं बेहेतार्याना) एवढ्यावर थांबू नये. बऱ्याच ठिकाणी कार्ने (मांस) म्हटलं की डोळ्यांपुढे मोठ्या जनावराचं मांस येतं. हामोऽन (हॅम) किंवा आतूऽन (ट्यूना) मासा त्यात धरत नाहीत. सिन कार्ने, सिन हामोऽन, सिन पेस्कादो (मासे), सिन वेबो असं एकेक सांगा. वेबो म्हणजे अंडं. स्पेनमधल्या तोर्तीयात अंडं असतं, मेक्सिकोतली तोर्तीया मक्याची भाकरी. मान्तेका हा शब्द पाकिटावर दिसला तर थांबा: अर्जेंटिनात ते लोणी, स्पेन आणि मेक्सिकोत डुकराची चरबी.

नाशिकमध्येच सराव

पहिला आठवडा घरात. जिभेचे व्यायाम, आणि स्वयंपाकघरातल्या वीस वस्तूंवर एल-ला सकट चिठ्ठ्या. लिंग अंदाजानं ठरवू नका. कांदा आणि बटाटा मराठीत तो, स्पॅनिशमध्ये ला सेबोया, ला पापा. केळं एल प्लाऽतानो, दूध ला लेचे. ओ वर संपणारे बहुतेक एल, आ वर संपणारे बहुतेक ला, पण हात ला मानो आणि दिवस एल दीआ.

दुसरा आठवडा आकड्यांचा. द्वारका किंवा मुंबई नाक्याच्या सिग्नलला पायी थांबलात की एमएच १५ च्या पुढचे चार आकडे दोन-दोन करून म्हणा. ४६७२ म्हणजे क्वारेन्ता ई सेइस, सेतेन्ता ई दोस. गाडी हलायच्या आत जमलं तर दुकानदाराचा वेगही झेपेल. गाडी चालवताना हे करू नका.

तिसरा आठवडा गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, बुधवारचा बाजार. भाव मराठीत विचारा, उत्तर मनात स्पॅनिशमध्ये फिरवा. दीड किलो घेतलंत की उन कीलो ई मेद्यो, जुडी घेतलीत की मानोहो. पाच भाज्या घेईपर्यंत वीस वाक्यं होतात.

चौथ्या आठवड्यात रविवार कारंजावरून होळकर पुलानं पंचवटीत चालत जा आणि दिसेल ते सांगा. आय उन गणेश दे प्लाता एन रविवार कारंजा. क्रूसे एल प्वेन्ते. रामकुंड एस्ताऽ एन पंचवटी. एल तेम्प्लो दे कपालेश्वर एस्ताऽ सेर्का दे रामकुंड. ला एस्तास्योऽन दे नाशिक रोड एस्ताऽ लेहोस दे आकीऽ. गणपती आहे हे पहिल्यांदा सांगताना आय, आणि देऊळ कुठे ते सांगताना एस्ताऽ, हा भेद या एका फेरीत पक्का होतो.

उच्चार तपासायला मास्तर हवाच असं नाही. फोनच्या कीबोर्डमध्ये स्पॅनिश भाषा जोडा, बोलून टाइप करायचं बटण दाबा आणि वाक्य म्हणा. फोननं बरोबर लिहिलं तर उच्चार माणसालाही कळेल. एस्ताऽ च्या जागी वारंवार एस्ता लिहू लागला तर जोर चुकतोय, पेरो च्या जागी पेर्रो आला तर र. भाषा निवडताना स्पेन की मेक्सिको तेही निवडा, म्हणजे स आणि थ वरून गोंधळ होणार नाही.

आणि पहिल्या दिवसापासून ही दोन वाक्यं खिशात असू द्या: मास देस्पास्यो, पोर फाबोऽर (जरा सावकाश), आणि मे लो एस्क्रीबे? (लिहून देता का?). दुसरं म्हणताना वही आणि पेन पुढे करा. आकडा कागदावर आला की तो मोठ्यानं वाचून दाखवा, चुकलात तर तिथल्या तिथे दुरुस्ती होते.